चिल्ल्यानंतरचे दहा प्रश्न

"खाला, इसकी उर्दू करके देव. लेकिन इस्कूल की नक्को, अपने घर की."

माझी भाची, आपाची धाकटी मुलगी, एका रविवारी दुपारी इंग्रजीत छापलेला एक कागद माझ्यासमोर ठेवून असे म्हणाली, तेव्हा मला थोडा रागच आला. वीस वर्षे मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते आहे. शाळेतल्या उर्दूत काय वाईट असते?

कागदावर दहा प्रश्न होते. बाळंतपणानंतर आईच्या मनाची अवस्था कशी आहे हे पाहण्यासाठी कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्स्की या स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी १९८७ मध्ये तयार केलेली ही प्रश्नावली. एडिंबरा शहराच्या नावाने ती जगभर ओळखली जाते. गेल्या सात दिवसांत पूर्वीसारखे हसू आले का, विनाकारण स्वतःला दोष दिला का, कारण नसताना भीती वाटली का, मन खिन्न म्हणून झोप लागत नाही असे झाले का, असे ते प्रश्न. प्रत्येकाला चार उत्तरे, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. गुण जास्त आले म्हणजे आजार आहेच असे नाही, पुढे नीट तपासणी व्हायला हवी एवढाच त्याचा अर्थ. ताप मोजावा तसे. थर्मामीटर ताप दाखवतो, मलेरिया आहे की टायफॉइड ते सांगत नाही.

भाची त्या वेळी क्लिनिकल सायकॉलॉजीचे एम.फिल. करत होती. आपल्या घरांत या शिक्षणाची माहिती कमी आहे, म्हणून थोडे सांगते. मानसशास्त्रात एम.ए. केले की माणूस मानसोपचार करायला मोकळा होतो, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. भारतीय पुनर्वास परिषद ही १९९२ च्या कायद्याने आलेली केंद्राची संस्था आहे. तिने मान्यता दिलेला अभ्यासक्रम पूर्ण करून तिच्या नोंदवहीत नाव लागल्याशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही. एम.फिल. म्हणजे एम.ए.च्या पुढची पूर्णवेळ दोन वर्षे. सकाळी वॉर्ड, दुपारी ओपीडी, संध्याकाळी केस लिहिणे, आणि या सगळ्याच्या जोडीला एका मार्गदर्शकाच्या हाताखाली एक प्रबंध. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम.फिल. ही पदवीच बंद केली. या विषयाला मात्र २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली. आता परिषद त्या जागी दुसरे अभ्यासक्रम आणते आहे. मुलीला पाठवायचे असेल तर फी भरण्याआधी ती संस्था आणि तो अभ्यासक्रम परिषदेच्या यादीत आहे का, ते स्वतः पाहा. मोठ्या जाहिराती देणारे पुष्कळ आहेत.

आपाच्या घरी या शिक्षणाला विरोध नव्हता, पण उत्साहही नव्हता. दुल्हेभाईंना मुलीने बी.एड. करावे असे वाटे. ("तेरी खाला को देख, पाँच बजे घर में.") एका ठिकाणाहून रिश्ता आला होता. मुलगी काय शिकते विचारल्यावर आपाने सांगितले, आणि त्या घरच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे वेड्यांची डॉक्टर?" ते लोक पुन्हा आले नाहीत. आपा आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, कारण मुलीला या वाटेने जाऊ द्या असे मीच म्हटले होते.

प्रबंधाचा विषय तिने स्वतः निवडला : उर्दू बोलणाऱ्या घरांतल्या नवमातांमधील उदासी, आणि तिचा घरच्या आधाराशी असलेला संबंध. विषय मंजूर करताना तिच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, माता भेटणार कुठे आणि कधी? त्याचे उत्तर आपल्या रीतीतच होते. आपल्याकडे बाळंतीण चाळीस दिवस चिल्ल्यात असते, बहुधा माहेरी, आणि घराबाहेर पडत नाही. चाळीस दिवस संपले, गुस्ल झाले की पुढच्या एक-दोन दिवसांत सरकारी वेळापत्रकातले सहा आठवड्यांचे, आपण ज्याला दीड महिन्याचे इंजेक्शन म्हणतो ते, येते. म्हणजे चिल्ला संपवून आई पहिल्यांदा उंबरा ओलांडते ती बऱ्याचदा लसीकरणासाठी. मॅडमना हे ठाऊक नव्हते. हे सगळे प्रस्तावात लिहून काढ, असे त्यांनी तिला सांगितले.

उर्दू अनुवादाची गरज तिथूनच निघाली. या प्रश्नावलीचे उर्दू अनुवाद आधीपासून आहेत, पण ते सीमेपलीकडच्या उर्दूचे. "कायकू रोती मालूम नै" असे बोलणाऱ्या आपल्या मुलींना ते समजतील का? मॅडम म्हणाल्या, समजतात असे गृहीत धरायचे नाही, तपासायचे. रीत अशी की एकाने इंग्रजीतून उर्दूत आणायचे, मग मूळ कागद कधीही न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उर्दूतून परत इंग्रजीत न्यायचे, आणि दोन्ही इंग्रजी कागद शेजारी ठेवून पाहायचे. त्यानंतर काही मातांना वाचून दाखवायचे आणि प्रत्येक प्रश्नाचा अर्थ त्यांना त्यांच्या शब्दांत सांगायला लावायचा. उत्तर नको, अर्थ सांगा.

मी मनापासून काम केले आणि सपशेल नापास झाले. "गुज़िश्ता सात अय्याम", "मायूसी तारी रहना" असे सुंदर शब्द मी घातले होते. पहिल्याच बाईने 'तारी' म्हणजे पोहणे का, असे विचारले. सहाव्या प्रश्नाने तर सगळ्यांनाच रडवले. मूळ इंग्रजीत त्या जागी एक वाक्प्रचार आहे, शब्दाला शब्द ठेवला तर गोष्टी माझ्या अंगावर चढत चालल्या आहेत असा काहीसा. मी "हालात मुझ पर हावी हो गए" असे केले. आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी ते परत इंग्रजीत नेले तेव्हा परिस्थितीने माझा पराभव केला असे काहीतरी झाले. लढाईचा वृत्तान्तच. अखेरीस वाक्य सापडले ते अनुवादकाला नव्हे, अर्थ सांगणाऱ्या एका मातेला. ती म्हणाली, "मतलब, सब सर पे आके पड़ा, काम संभलतेच नै." भाचीने तेच उचलले. सरांनी ते परत इंग्रजीत केले तेव्हा मूळ वाक्याच्या अगदी जवळ आले.

आणखी एक अडचण होती, तिच्याकडे माझेही लक्ष गेले नव्हते. आपल्या बायकांना कसे आहात विचारले की तोंडातून पहिला शब्द निघतो, "अल्लाह का शुक्र है." तो अदब आहे. तक्रार केली तर नाशुक्री होईल, ही भीतीही त्यात असते. पण कागदावर त्याचा गुण शून्य पडतो. डोळे सुजलेली बाई दहाच्या दहा प्रश्नांना शुक्र है म्हणून निघून जाते आणि तक्त्यात ती सर्वांत सुखी आई ठरते. मॅडमनी यावर उपाय असा सुचवला की आधी पाच मिनिटे बाळाविषयी बोलायचे, शुक्र ऐकून घ्यायचा, त्याला मान द्यायचा, आणि मगच म्हणायचे, "शुक्र तो है ही. अब थोड़ा ये बताव, नींद कैसी है?" एवढे वाक्य बसवायला तीन आठवडे लागले असे ती सांगते.

मार्गदर्शक म्हणजे केवळ सही करणारा माणूस, अशी माझी समजूत होती. माझ्या बी.एड.च्या प्रकल्पाला ज्यांची सही आहे त्यांनी तो उघडला होता का, याविषयी मला आजही शंका आहे. इथे वेगळे होते. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी भेट. भाचीने लिहिले की संयुक्त कुटुंबात मातेला आधार मिळतो, मॅडमनी समासात लाल शाईने लिहिले, "कोण म्हणतो?" तिने लिहिले की मुस्लिम समाजात जागृती कमी आहे, पुन्हा तेच, "कोण म्हणतो? कुठे मोजले?" पूर्वीच्या अभ्यासांचे प्रकरण कितीदा परत आले याची गणती तिने सोडून दिली. एकदा रात्री फोनवर रडली, म्हणाली सोडून देते, बी.एड. करते. मी तिला काय सांगितले ते आता आठवत नाही, बहुतेक जेवून झोप असे सांगितले असावे.

त्या पूर्वीच्या अभ्यासांतले दोन मला तिने वाचून दाखवले, ते आपल्या वाचकांनाही ठाऊक असावेत असे वाटते. एक शेजारच्या गोव्यातला. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात २७० गरोदर स्त्रियांची नोंद करून त्यांना बाळंतपणानंतर पुन्हा गाठले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता उदासीने ग्रासलेल्या आढळल्या. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी ही कारणे त्यात पुढे आली. दुसरा अभ्यास पाकिस्तानातल्या रावळपिंडी जिल्ह्याच्या खेड्यांतला, डॉ. आतिफ रहमान यांचा, २००८ चा. तिथे डॉक्टर नव्हते म्हणून आपल्या आशाताईंसारख्या गावातल्याच 'लेडी हेल्थ वर्कर' बायकांना शिकवून तयार केले. गरोदरपणातच उदास असलेल्या ९०३ स्त्रिया निवडल्या. निम्म्या गावांत या बायका ठरलेल्या पद्धतीने विचार बदलायला, बाळाकडे आणि स्वतःकडे लक्ष द्यायला शिकवत, निम्म्या गावांत नुसत्याच भेटी देत. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा पहिल्या गटात २३ टक्के माता उदास होत्या, दुसऱ्यात ५३ टक्के. औषधाची एक गोळीही न देता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ती पद्धत पुस्तिकेच्या रूपात सर्व देशांसाठी काढली आणि गोव्यातही तिचा प्रयोग झाला.

माता गाठायच्या आधी नीतिशास्त्र समितीची परवानगी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०१७ चे नियम आहेत, त्यांत बसावे लागते. मातेला तिच्या भाषेत सगळे समजावून संमती घ्यायची, सही येत नसेल तर साक्षीदारासमोर अंगठा, नकार दिला तरी बाळाच्या लसीत फरक पडणार नाही हे स्पष्ट सांगायचे, आणि कागदावर नाव नाही, फक्त क्रमांक. समितीने तिला एका मुद्द्यावर परत पाठवले. दहाव्या प्रश्नाला आई 'हो' म्हणाली तर तुम्ही काय करणार?

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. भाचीने उत्तर लिहून दिले : 'कधीच नाही' याखेरीज कुठलेही उत्तर आले की त्या क्षणी संशोधन थांबेल. मातेला एकटी सोडायचे नाही, मॅडमना तिथूनच फोन करायचा आणि त्याच इमारतीतल्या मनोविकारतज्ज्ञांकडे तिला त्याच दिवशी न्यायचे. जिवाला धोका वाटला तर विश्वासातल्या एका माणसाला सांगावे लागेल, ही ओळ संमतीच्या कागदातही आधीच घालायची. समितीने मग परवानगी दिली. भाचीला वाटत होते की ही ओळ कागदावरच राहील. आपल्याकडे खुदकुशी हराम. कोण कबूल करणार?

पुढचा प्रसंग तिने मला पदवी हातात आल्यावर सांगितला, नाव, मोहल्ला काही न सांगता. मीही त्यातले काही तपशील बदलले आहेत.

मुलगी विशीतली, पहिले बाळ. सोबत सास. वेगळ्या खोलीत बोलायचे म्हटल्यावर सास म्हणाली, "मेरे सामने पूछो, हमारे में छुपाने का क्या है?" अशा वेळी काय करायचे ते भाची एव्हाना शिकली होती. नर्सताईंना खूण केली, त्यांनी दादीला बाळाचे वजन करायला काट्याकडे नेले. दादीला नातवाचे वजन स्वतः बघायचे असतेच. दहा मिनिटे मिळाली. मुलीने नऊ प्रश्नांना शुक्र है, ठीक है केले. दहाव्याला गप्प. भाचीने घाई केली नाही. मग ती मुलगी खाली बघत म्हणाली, "कभी कभी. पर गुनाह है ना, इसलिए किसी को नै बोली." आणि लगेच, "सास को मत बोलो."

भाची म्हणते, त्या क्षणी गुण किती, तक्ता काय, सगळे डोक्यातून गेले आणि समितीला लिहून दिलेल्या चार ओळी तेवढ्या आठवल्या. तिने कागद उलटा ठेवला. तिला विचारले, सासला नाही सांगायचे तर मग कुणाला सांगू? घरात तुझे कोण? मला वाटले होते आई म्हणेल, निदान नवरा म्हणेल. ती म्हणाली, "ननंद." ती नणंद रिक्षाने अर्ध्या तासात आली. मॅडम तोपर्यंत खाली उतरल्या होत्या. मनोविकारतज्ज्ञांनी त्याच दिवशी पाहिले, उपचार सुरू झाले, बाळाला दूध पाजता येईल अशी औषधे दिली. सासला सांगितले ते असे, की बाळंतपणाने अशक्तपणा आला आहे, महिनाभर रात्री बाळाला दुसऱ्या कुणी तरी घ्यावे. सासने ते स्वतः घेतले.

त्या रात्री भाचीला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशीच्या भेटीत मॅडमनी प्रबंधाचे पान उघडलेच नाही. तासभर फक्त तिला बोलू दिले. आठवडाभर माता गाठायला पाठवले नाही. मार्गदर्शक कशाला असतो ते मला हे ऐकताना समजले.

मलाही एक कबुली द्यायची आहे. माझ्या पहिल्या बाळंतपणाला आता सतरा वर्षे झाली. चिल्ला संपल्यावर मी न्हाणीघरात नळ सोडून बसायची आणि रडायची, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. बाळाविषयी काही वाटत नाही, अशी एक भयंकर शंका मनात होती, ती कुणाला सांगण्याची हिंमत नव्हती. अम्मीने दम केलेले पाणी आणले. त्याने धीर आला, हे मी नाकारत नाही. दुआ आहे, ती करावीच. पण दुआ करणाऱ्या अम्मीलाही ठाऊक नव्हते की याला नाव आहे, आणि उपचारही. बाळंतपणानंतर पहिल्या आठ-दहा दिवसांत पुष्कळ जणींना रडू येते आणि ते आपोआप ओसरते. दोन आठवड्यांच्या पुढे राहिले तर ते वेगळे. आणि हजारात एक-दोन जणींना पहिल्या काही दिवसांतच भास होतात, भलते संशय येतात, झोप पूर्ण उडते. त्याला आपण 'असर' म्हणून दर्ग्याच्या वाऱ्या करत बसतो. ती तातडीने रुग्णालयात न्यायची वेळ असते, आई आणि बाळ दोघांसाठी. माझे ते दिवस सहा-सात महिन्यांनी निघून गेले. कसे गेले ते मला माहीत नाही. दहा प्रश्नांची उर्दू करताना मी मनातल्या मनात माझे गुण मोजत होते. ते इथे लिहीत नाही.

माहिती गोळा झाल्यावर आकडेमोड आली आणि तिच्या एका अंदाजाला त्या आकड्यांनी दुजोरा दिला नाही. कोणत्या, ते शोधनिबंध छापून येण्याआधी लिहू नका असे तिने बजावले आहे. ती खचली होती. तिला वाटले की दोन वर्षे फुकट गेली. मॅडम म्हणाल्या, तुला जे हवे होते ते आले नाही, जे आहे ते आले, तसेच लिही. आकडा थोडा इकडेतिकडे करणारे असतात, हे तीही जाणते. तिने तसेच लिहिले. मग साम्य तपासणारे सॉफ्टवेअर (दहा टक्क्यांच्या आत हवे), बाइंडिंग, सोनेरी अक्षरे. याच सुमारास दुसरा रिश्ता आला आणि निकाहची तारीख प्रबंध सादर करायच्या आठवड्यातच ठरू लागली. या वेळी आपाने स्वतः त्या घरी फोन करून तारीख पुढे ढकलली. मुलाकडच्यांनी मानले. मुलगा फार्मसीत आहे, त्याने एकच विचारले, संध्याकाळचा चहा मिळेल का. भाची म्हणाली, तू केलास तर.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, सहाव्या आठवड्यातच का, चौथ्या किंवा आठव्यात का नाही? तिने चिल्ल्यापासून सुरुवात केली आणि लसीकरणाच्या वेळापत्रकापर्यंत आली. परीक्षकांनी त्यावर वीस मिनिटे घेतली, म्हणे त्यांच्या आईकडेही सव्वा महिना पाळत असत.

काळ्या कव्हरची एक प्रत आता आपाच्या शोकेसमध्ये, काचेच्या फुलदाणीशेजारी आहे. दुल्हेभाई पाहुण्यांना ती काढून दाखवतात, इंग्रजी वाचता येत नसले तरी शेवटच्या पानांतली उर्दू प्रश्नावली वाचून दाखवतात.

मागच्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यातल्या अंगणवाडीच्या बाई माझ्याकडे आल्या. तो दहा प्रश्नांचा कागद द्या, झेरॉक्स काढून वाटते, म्हणाल्या. मी भाचीला फोन केला. ती म्हणाली, "नको देव खाला. दहाव्या सवाल को कोई हाँ बोली तो वो बाजी क्या करेंगी?" बाई जरा नाराज झाल्या. मी त्यांना एका चिठ्ठीवर टेलिमानसचा क्रमांक लिहून दिला, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालतो, आणि सांगितले की जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून या, मग आपण तिघी बसू. त्या विचारून आल्या आहेत. भाची ईदला येणार आहे.